शेवटचा डबा जिवंत असेपर्यंत

जगात कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू होता. पंचांगात अमावास्या छापलेली असली तरी हा गच्चीवर जाऊन आभाळ बघून यायचा. डॉक्टरनं ताप आहे म्हटलं की तोच थर्मामीटर आधी डॉक्टरच्या काखेत लावायला लावायचा, आणि डॉक्टरला ताप नाही अशी खात्री पटली की मग स्वतःचा ताप मान्य करायचा. अशा माणसानं उभ्या आयुष्यात एकदाच, न तपासता, दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर काम केलं. तो दुसरा मी. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. तो गेल्यावर लोक म्हणाले, "आबा, साडूवर चार ओळी लिहा, तुमी संघाचे चेअरमन होता, तुमाला जास्त ठाऊक." जास्त ठाऊक आहे हीच तर अडचण होती. पण आता दात गेले, गुडघे गेले, निवडणुकीला उभं राहायची हौससुद्धा गेली, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं. लिहिताना मात्र एकेरीच येतं आहे, ते तसंच राहू देतो.

आमचा दूध संघ बीड जिल्ह्यातला. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. कड्यापासून परळीपर्यंत आमची संकलन केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रावर एक डबा होता. दुधाचं वजन काट्यावरून घ्यायचं, फॅट यंत्राकडून घ्यायचं आणि शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची, एवढं त्या डब्याचं काम. आत एक लहानसा संगणक असायचा. आता डबे एकाच जातीचे घ्यावेत, हे शहाणपण सहकारात बसत नाही. पहिल्या चेअरमननी आपल्या जावयाच्या दुकानातून डबे घेतले. दुसऱ्यांना जावई नव्हता, म्हणून त्यांनी व्याह्याकडून घेतले. तिसरा मी. मी पारदर्शक कारभाराच्या घोषणेवर निवडून आलो होतो, म्हणून जाहीर निविदा काढली, आणि ती माझ्या पुतण्याला लागली. परिणाम असा झाला की प्रत्येक राजवटीच्या डब्याचा मेंदू निराळा, काटा निराळा, छपाई निराळी, आणि ह्याचं त्याला समजेल तर शपथ. ही सगळी खिल्लारं एका दावणीला बांधून एका तालात चालवायचं काम माझ्या साडूकडे आलं. तो पुण्याच्या एका कंपनीत संगणकाच्या अगदी पोटातलं काम करायचा, आणि आईच्या आजारपणात परळीला आला तो परत गेलाच नाही.

"पोटातलं म्हणजे काय हो?" असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "कर्नेल म्हणत्यात त्याला. आत एक कारभारी बसलेला असतो बगा. कुणाला किती जागा, कुणाला किती वेळ, कोण आधी, कोण मागून, ते समदं तो ठरवतो."

"म्हणजे चेअरमनच की!"

"न्हाई, साडूभाऊ. पडद्यावर दिसतो तो चेअरमन. हा काम करतो."

काटा, फॅटचं यंत्र, छपाई, ह्या प्रत्येकाची भाषा वेगळी. ती कारभाऱ्याला समजावून सांगणारा एकेक छोटा प्रोग्रॅम लागतो. सगळं जग त्याला ड्रायव्हर म्हणतं, हा दुभाषा म्हणायचा. "दुभाष्यानं ऐकलं तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं घालायचं न्हाई, दुसऱ्याचं गाळायचं न्हाई," हे त्याचं तत्त्व. आमच्या संचालक मंडळात असा दुभाषा एकही नव्हता, म्हणून मंडळ सुरळीत चाललं होतं.

परळीच्या त्याच्या घरात भिंतीला एक लांब फळी होती, आणि तिच्यावर प्रत्येक राजवटीचा एकेक डबा, दिवा लुकलुकत, ओळीनं बसलेला असायचा. औष्णिक केंद्राची राख परळीत कुणाला सुटत नाही, ती ह्या डब्यांवरही बसायची, आणि साडू रोज आंघोळीनंतर आधी डबे पुसायचा आणि मग देव. वीज तयार करणाऱ्या गावातच वीज जायची, मग उन्हाळ्यात तो पुठ्ठ्यानं डब्यांना वारा घालत बसायचा. माझी मेव्हणी म्हणायची, "दाजी, मला दोनदा टायफॉईड झालता, तवा ह्यांनी पंख्याचं बटन बी दाबलं न्हाई. अन् ह्या डब्यांना बगा, हातानं वारा!" त्याचा नेमच असा होता, की दुरुस्ती एका अक्षराची असो की हजार ओळींची, फळीवरच्या प्रत्येक डब्यावर चालवून बघितल्याशिवाय ती बाहेर जायची नाही. आणि सगळ्या डब्यांना प्रोग्रॅमचं मूळ एकच. कड्याकडचे एक संचालक तावातावानं त्याच्या घरी आले, "आमच्या भागाला येगळा प्रोग्रॅम द्या बे, आमी काय त्यांच्यात हाव का?" साडू म्हणाला, "देतो की. पण येगळा निघाला की येगळा म्हातारा होतो. उद्या इकडं सुधारणा झाली तर तिकडं घेऊन कोण येणार, तुमी?" संचालक चहा पिऊन गेले. बाहेर त्यांनी सांगितलं, की चेअरमनच्या साडूला भाव चढलाय.

माझ्या पुतण्याचे डबे आले तेव्हा साडूनं निरोप धाडला, हे डबे आकडा दुसऱ्या टोकानं वाचतात, माझं काम होईपर्यंत जोडू नका. पण माझा वाढदिवस तोंडावर होता, म्हणून आम्ही जोडले. दुष्काळाचं साल, गावाला टँकर, आणि त्या दिवशी एका केंद्रावर एकानं आठ लिटर दूध ओतलं तर चिठ्ठी आली दोन हजार अठ्ठेचाळीस लिटरची. तो गृहस्थ चिठ्ठी घेऊन थेट माझ्या सत्काराच्या मांडवात आला. "आबा, माझी म्हैस हाय का धरण हाय?" लोक हसले. पण आमचे एक संचालक हसले नाहीत. दुष्काळात संघाचं संकलन अचानक वाढल्याचा आकडा त्यांनी ऐकला होता, आणि त्यांनी तिथल्या तिथं आदर्श पशुपालक म्हणून त्या माणसाच्या सत्काराची सूचना मांडली. माझ्यासाठी आणलेल्यातली एक शाल त्याच्या अंगावर पडली सुद्धा. साडू परळीहून आला, चिठ्ठी बघितली, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, "आठ लिटर. साडूभाऊ, तुमच्या वडलांची शाळा उर्दूत झालती न्हवं? ते उजवीकडून वाचायचे, तुमी डावीकडून वाचता. चूक कुणाचीच न्हाई. मधी दुभाषा पायजे, अन् तो यायच्या आधी तुमी वाढदिवस केला." त्या माणसानं शाल परत दिली नाही. म्हशीच्या अंगावर ती कित्येक हिवाळे होती.

'चालतंय' हा शब्द साडूच्या तोंडी नव्हता. डबा कसा चाललाय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अजून तक्रार न्हाई." जेवण कसं झालंय, अजून तक्रार न्हाई. एका लग्नात कुणीतरी संसाराबद्दल विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला, आणि पलीकडून मेव्हणी म्हणाली, "तक्रार कुठं द्यायची त्याची खिडकीच न्हाई ह्यांच्याकडं." हे मात्र खरं नव्हतं. तक्रारीला त्याचे कान कायम उघडे, फक्त ती मोघम चालायची नाही. केंद्रावरून फोन आला की डबा बंद पडलाय, तर हा विचारणार, "बंद म्हंजी? दिवा लागतो का? कुठल्या रंगाचा? त्याच्या आधी काय करत होतास?" एकदा पलीकडचा वैतागून म्हणाला, "साहेब, समदं करून बघितलं."

"समदं म्हंजी काय काय?"

"उदबत्ती बी लावली."

"त्यानं फरक पडला का?" साडूनं गंभीरपणे विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिल्या चेअरमनच्या जावयाचे डबे एकेक करून मेले, आणि त्यातला शेवटचा एक नांदूरघाटाच्या पुढच्या एका वाडीत टिकून राहिला. तो एवढा जुना होता, की प्रत्येक सुधारणेच्या वेळी सगळ्या नव्या डब्यांना मिळून जेवढा वेळ लागायचा तेवढा साडू त्या एकट्यावर घालायचा. संचालक कुरकुरू लागले, की एका वाडीच्या डब्यासाठी सगळा संघ थांबतो. मी त्याला म्हणालो, "त्या म्हाताऱ्याचा दुभाषा काढून टाका आता." तो म्हणाला, "शेवटचा डबा जिवंत हाय तवर त्याची भाषा इसरायची न्हाई. डबा गेला म्हणून दाखवा, त्याच दिवशी काढतो."

म्हणून मी वाडीला नवा डबा जाहीर केला. पुतण्याकडे डबा तयार नव्हता, आणि निवडणुकीची आचारसंहिता आठवड्यावर आली होती. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नारळ आधी फुटतो, वस्तू मागून येते. मी पूल नसलेल्या पुलाचे आणि पाणी न लागलेल्या बोअरचे नारळ फोडलेले आहेत, आणि त्यातल्या काही वस्तू पुढे खरोखर आल्याही. तसं वाडीत टेबलावर नव्या डब्याचं रिकामं खोकं ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून आत दोन विटा घातल्या, हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाला. जुना डबा मागं संघाच्या फलकाआड गप्प बसून आपलं काम करत होता.

दोन दिवसांनी साडू माझ्या घरी आला. "वाडीचा जुना डबा निघाला म्हणत्यात."

"निघाला."

"तुमी बघितला?"

"मीच नारळ फोडला!"

तो जरा घुटमळला. "एकदा जाऊन येतो," म्हणाला. आणि तेव्हा मी हसत हसत, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "साडूच्या शब्दावर बी इस्वास न्हाई व्हय?"

मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. नारळ फोडला की काम झालं, ही आमची सवय इतकी जुनी होती. आठ-दहा दिवसांत डबा येईलच, असं मी धरून चाललो होतो. साडू चप्पल घालून परळीच्या गाडीला गेला. वाडीला गेला नाही. घरी जाऊन त्यानं त्या जुन्या डब्याची भाषा काढून टाकली.

डबा आला नाही. दुष्काळ मात्र पुन्हा आला. संघानं चारा छावण्या घेतल्या, आणि नियम असा पडला, की रोज प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला वाचकयंत्रानं टिपायचा आणि जेवढी जनावरं टिपली तेवढाच चारा गोदामातून सोडायचा. ह्या कामाला तेच डबे लावले. साडूचा नवा प्रोग्रॅम सगळीकडे गेला, सगळीकडे नीट चालला. वाडीच्या छावणीवरचा म्हातारा डबा मात्र बहिरा झाला. बिल्ले टिपले जात होते, पण ते डब्याला समजावून सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं. रोज आमच्या गोदामाच्या पडद्यावर वाडीपुढे शून्य यायचं. शून्य जनावरांना शून्य चारा, असा आमचा चोख हिशेब. वाडीतून फोन आला, "साहेब, गाडी कावून धाडली न्हाई?"

"तुमच्याकडं जनावरं न्हाईत."

"न्हाईत? ऐका मंग!" आणि त्या माणसानं फोन गायीच्या तोंडाशी धरला. आमच्या कारकुनानं ते हंबरणं पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ऐकू येतंय. पण पडद्यावर न्हाई."

तक्रार संघाच्या टेबलांवरून फिरत फिरत साडूपर्यंत पोचली, तोवर वाडीतली निम्मीअधिक जनावरं बाजारात गेली होती, मिळेल त्या भावानं. काही बाजारापर्यंत चालू शकली नाहीत. साडू मोटरसायकलवर तिथं गेला. टेबलावर जुना डबा त्याला दिसला. शेजारी माझं खोकं होतं, सुकलेल्या हारासकट, आणि आत विटा. त्यानं दुपारभर बसून जुन्या डब्याची भाषा परत घातली आणि पहिली गाय टिपली गेलेली बघूनच उठला. त्या पूर्ण दुपारी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आला नाही. ह्या भागात वैऱ्यालाही पाणी विचारतात. हे मला मेव्हणीनं सांगितलं. घरी येऊन त्यानं डबे पुसले.

मग सर्वसाधारण सभा झाली. वाडीची माणसं पुढच्या रांगेत येऊन बसली होती. त्यांच्यातला एक म्हातारा उठला. त्यानं बैलजोडी विकली होती. तो म्हणाला, "आमच्या डब्यातलं ते कुणी काढलं, तेवढं सांगा."

साडू मागच्या बाजूला उभा राहिला. "मी काढलं."

"कावून काढलं?"

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, असं मी म्हणणार नाही. त्यानं फक्त जरा वेळ सोडला, कुणी बोलणार असेल तर बोलावं इतपत. मी व्यासपीठावर मधोमध होतो आणि माईक माझ्याच पुढ्यात होता. मग तो म्हणाला, "जाऊन बघायला पायजे होतं. गेलो न्हाई. चूक माझी हाय." आणि खाली बसला.

मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल." टाळ्या पडल्या. ठराव झाला. आचारसंहितेआधी फोडलेला नारळ कुणाला आठवला नाही, पुढच्याही निवडणुकीत मी निवडून आलो, आणि साडूचं संघातलं काम गेलं.

त्यानंतर तो जिथं जाईल तिथं लोक कुजबुजायचे, "ह्योच का बे, गुरं उपाशी ठिवणारा?" लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान मुद्दाम रिकामं राहिलेलं मी पाहिलं आहे, आणि तिथं जाऊन न बसलेला माणूसही मीच. आमचं येणंजाणं मात्र चालू होतं. दिवाळीला तो फराळाला यायचा, चकली कशी झालीय विचारलं की तक्रार नाही म्हणायचा. एकदा धीर करून मी त्याच्या घरी गेलो, फळीखाली बसलो आणि म्हणालो, "साडू, माझं एक चुकलंय."

त्यानं मान वर केली. "कधी? कुठं? काय करताना?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी घाबरलो आणि म्हणालो, "तुमच्या मुलीच्या लग्नात... मानपानाचं जरा राहिलं."

"ते व्हय," तो म्हणाला. "ते सोडा." आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, एखादा डबा अजून काही बोलतो का ते बघत राहायचा, तसा.

शेवटच्या आजारात तो पलंगाला खिळला होता. मी उशाशी बसलो होतो, तेवढ्यात दारात तो वाडीचा म्हातारा उभा राहिला. एसटीनं आला होता, फडक्यात थोडा खवा बांधून आणला होता. माझ्याकडे बघून त्यानं आधी मला रामराम घातला, चेअरमनला घालावा तसा. मग पलंगाशी खाली बसून म्हणाला, "साहेब, त्या सालचं मनात ठिवू नका. आमी लई बोललो तुमाला. पर कवाच सोडून दिलंय. तुमाला माफी हाय, पोरंबाळं बी तेच म्हणत्यात."

साडू म्हणाला, "बरं झालं सांगितलं." आवाज अगदी बारीक झाला होता.

खोलीत आम्ही तिघंच होतो. म्हाताऱ्यानं चुकीच्या माणसाला माफ केलं होतं, हे तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं. साडूनं डोळे मिटले नाहीत. बोलायचं एकच वाक्य होतं: तिथं नवा डबा आलाच नव्हता, आणि ह्यांना मी जाऊ दिलं नाही. वाडीचा माणूस समोर होता, साडू शुद्धीवर होता, आणि व्यासपीठ नव्हतं, मतदार नव्हते, कुठली निवडणूक नव्हती.

मी म्हणालो, "चहा घेता का?"